उजव्या बाजूचा श्वास

वाटूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून असलेल्या सरकारी दवाखान्यात त्या दिवशी लेकरांना लस टोचायचं काम चाललं होतं. शेजारच्या गावातला सप्ताह संपत आलेला. काल्याचं कीर्तन असं रंगलं होतं, की टाळांचा गजर भोंग्यातून इथवर यायचा आणि रडणारं लेकरूही घडीभर गप्प व्हायचं.

अकराच्या सुमाराला भोंगा मधेच बंद पडला. वीस मिनिटांत जीप आली.

जीपमधून सुग्रीवला उतरवलं. साठीचा, उंच, काटकुळा माणूस. कपाळावर बुक्का, अंग घामानं निथळलेलं.

"पहाटंपासून वीणा गळ्यात," त्याची बायको बायनाबाई धावत-धावत सांगत होती. "बदलीचा माणूस आलाच न्हाई. छातीत कळ निघाली तरी उतरवंनात. सप्ताहात वीणा भुईला टेकू द्यायची नसती ना! वर म्हणत होते, आतून कुणीतरी माझ्यासंगट नाव घेऊन राह्यलंय."

डॉक्टर प्रीतीनं ते कानाआड केलं. ओठ निळे. गळ्याच्या शिरा टरारलेल्या. श्वासनळी डावीकडं सरकलेली. उजव्या छातीवर बोटानं ठोकलं तर रिकाम्या हंड्यासारखा आवाज आला. फुप्फुसाला भोक पडून हवा छातीत कोंडली होती, आणि ती आता काळजाला दाबत होती. जालना तासाभरावर. याच्याजवळ मिनिटं होती, तीही थोडी. सुई घालून हवा काढणं, एवढंच हातात होतं.

खात्रीसाठी तिनं स्टेथोस्कोप लावला. मिटलेल्या फुप्फुसाच्या बाजूला काहीच ऐकू यायला नको होतं.

श्वास ऐकू आला. खोल, निरोगी. सुग्रीव धापांवर धापा टाकत होता. आतला मात्र गाढ झोपलेल्या माणसासारखा संथ चालला होता.

"मोनिका, तू ऐक बरं."

सिस्टर मोनिकानं ऐकलं. "मॅडम, इथं तर मस्त श्वास येतोय! मंग सुई कशी घालायची?"

प्रश्न बराबर होता. फुप्फुस उघडं असेल तर सुईच त्याला भोक पाडणार. बोटभर आत सरकली, तर काळजाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या. प्रीतीनं हे आजवर फक्त ट्रेनिंगमध्ये, रबरी पुतळ्यावर केलं होतं.

"बाई, बघत काय राह्यल्या? जल्दी करा ना!" बायनाबाई ओरडली.

कान एक सांगत होता, गळा दुसरंच. प्रीतीनं गळ्यावर विश्वास ठेवला.

लांब, जाड सुई. कॉलरच्या हाडाच्या मध्यावरून खाली. तिसऱ्या बरगडीच्या वरच्या काठाला लागून.

टोक कातडीला टेकलं.

मोनिकाच्या कानात स्टेथोस्कोप अजून तसाच होता. "मॅडम," ती कुजबुजली, "आतला थांबला. ऐकून राह्यलाय."

प्रीतीनं सुई दाबली.

फुस्स झालं. बाहेर एप्रिलचं ऊन तापलेलं, आणि ती हवा मात्र विहिरीच्या तळासारखी गार. थेट तोंडावर आली. दचकून प्रीतीनं श्वास आत ओढला.

सुग्रीवची छाती दोन्हीकडून सारखी उचलली. ओठांवर रंग चढला. बायनाबाईनं पदर तोंडात कोंबला आणि हुंदका दिला.

त्यानं डोळे उघडले. बायकोकडं पाहिलं नाही, प्रीतीकडं पाहिलं. बराच वेळ. मग हात कसेबसे जोडले.

"माफ कर, लेकी."

"बाबा, जीव वाचला तुमचा, अन् माफी कसली मागता?" मोनिका हसली. "पेढे मागवा पेढे!"

सुग्रीवच्या मनगटावर बोटं ठेवून प्रीती नाडी मोजत होती, आणि मोजताना तिनं सवयीनं श्वास रोखून धरला होता.

तिच्या ॲप्रनचं वरचं बटण संथपणे वर जात होतं, खाली येत होतं.