चौथ्या रांगेतलं लग्न

"बाई, जरा सरकता का? मागच्या दगडावरचं वाचायचंय."

जुन्या दफनभूमीत पाच महिने काम करताना तिला कोणी सरकायला सांगितलं नव्हतं; तिथली मंडळी तशी समजूतदार. तिने मान वर केली. शाळेतला इतिहासाचा मास्तर. हातात वही, कानावर पेन्सिल, आणि चेहरा इतका निरुपद्रवी की संशय यावाच.

"मी इथेच जेवते," म्हणत तिने दगडाला पाठ टेकून डबा उघडला. सकाळचे दहा वाजले होते.

पुसट झालेली अक्षरं पुन्हा कोरायची, हे तिचं काम. दफनभूमीच्या समितीने चार रांगा दिल्या होत्या. त्या निर्दोष निघाल्या तर उरलेल्या सहाही तिच्याच. आणि दोष नेमका तिच्या पाठीमागे, चौथ्या रांगेत होता. तिथे एक दाई पुरलेली, शेजारी अगदी खेटून घड्याळजी. पुसट ओळ हिने आपल्या मनाने भरली – 'घड्याळजींची प्रिय पत्नी'. मग पायथ्याची माती काढली, तर खाली आणखी एक ओळ निघाली – 'आजन्म अविवाहित'.

मास्तर दर शुक्रवारी येऊ लागला. इथे पुरलेल्या माणसांवरून गावाचा इतिहास लिहितोय म्हणे.

"समितीने पाठवलंय ना तुम्हाला?"

"समितीने पाठवलं असतं तर इतक्या लवकर पोचलो असतो?"

ती हसली नाही. म्हणजे... त्याच्यासमोर नाही.

घरी आत्या म्हणाली, "हल्ली गुरुवारी रात्री केस धुतेस. कबरींना आवडतात वाटतं?"

चौथ्या शुक्रवारी तो शेजारी बसला. "दाई आणि घड्याळजी शेजारी राहायचे. पन्हाळीचं पाणी कोणाच्या अंगणात पडतं, यावरून बावीस वर्षं भांडले. दाई आधी गेली. मग घड्याळजीने मुद्दाम हीच जागा मागून घेतली. कारण दफनभूमीच्या नोंदवहीत नाही."

"भांडण अर्धवट राहिलं असेल."

"किंवा..." त्याने तिच्याकडे पाहिलं. ती छिन्नी पुसत राहिली.

"माझी चूक कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून. नोंदवही आधीच वाचली होती. शिवाय सकाळी दहाला रिकामा डबा कोण उघडतं?"

"मग चार शुक्रवार कशाला आलात?"

"दगड वाचायला, असं म्हटलं तर पटेल?"

"नाही."

"मग खरं तेच सांगतो – तुमच्यासाठी." तो घाईने पुढे म्हणाला, "पुस्तकात ही कबर गाळतो मी. समितीला कळायचं नाही."

तिचे हात थांबले. "आणि उद्या मला सांगताना काही गाळलंत, तर मला कसं कळायचं?"

ती उठली, हात धुतले आणि सरळ समितीच्या कचेरीत गेली.

बाहेर आली तेव्हा तो पायरीशी उभा होता.

"काय म्हणाले?"

"सहा रांगा दुसऱ्याला. आणि तो दगड घासून मीच पुन्हा कोरायचा, फुकट."

"मी ती कबर गाळली असती तर..."

"तर काम राहिलं असतं. तुम्ही राहिला नसतात."

तो वही मिटून उभाच राहिला. ती दगड निवडताना बघते – कुठे बारीकसा तडा आहे का – तसं तिने त्याच्याकडे बघितलं.

"घासताना सारखं पाणी ओतावं लागतं," ती म्हणाली, आणि बादली त्याच्या हातात दिली.