शुक्रवारचं जोडी-तिकीट

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला समुद्रकाठच्या सेकोंडी गावच्या पोलीस चौकीत फोन वाजला. कॉरोनेट सिनेमाच्या जुन्या प्रोजेक्टरचं पितळी कड्याचं भिंग चोरीला गेलं होतं. चोर धरून ठेवलाय, असंही मॅनेजर म्हणाला.

"चोर धरलाय तर मला कशाला बोलावता? हार घालायला?" इन्स्पेक्टर एकुआ डाड्झी खेकसल्या आणि फोन आपटून निघाल्या.

थिएटरच्या दारात ही गर्दी! खेळ सुटलेला, पण घरी जायचं कुणी नाव घेईना. मधल्या बाकावर सत्तरीचे पपा कोफी टांडो बसले होते. अंगात चर्चला जायचा काळा कोट. कोटाचे सगळे खिसे उलटे होऊन बाहेर लोंबत होते.

एकुआबाईंच्या कपाळावर आठी चढली. याच म्हाताऱ्यानं बेचाळीस वर्षं वरच्या खोलीतून अख्ख्या गावाला सिनेमे दाखवले होते. जानेवारीत नवं यंत्र आलं, तेव्हा मॅनेजरनं त्यांना घरी बसवलं आणि जुनं यंत्र तिथेच लोकांना बघायला ठेवलं.

"खिसे कुणी उलटे केले?"

"मी," मॅनेजर बर्नार्ड अन्साह म्हणाला. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. "झडती घ्यायला नको?"

"पोलीस तू की मी?"

"मॅडम, वरच्या खोलीचं कुलूप तुटलेलं नाही. किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी ह्यांनी अजून परत केलेली नाही. आणखी काय हवं?"

"भिंग सापडलं का ह्यांच्याकडे?"

"बाहेर कुणाकडे तरी दिलं असेल."

पपा कोफींच्या शेजारी त्यांची बायको अबा मुठी आवळून उभी होती. भीतीनं नाही, संतापानं. तिचं नवं लुगडं मागून हातभर फाटलं होतं आणि निळी किनार लोंबत होती.

एकुआबाई आधी तिकीट खिडकीकडे गेल्या. खिडकीवर पाटी होती :

"ज्याचा वार, त्याचा जोडीदार फुकट! सोमवार – जोजो, अज्वोआ. मंगळवार – एबो, अराबा. बुधवार – क्वेकू, एकुआ. गुरुवार – एको, अबा. शुक्रवार – कोफी, एफुआ. शनिवार – क्वामे, आमा. रविवार – क्वेसी, एसी."

"योजना कुणाची?" त्यांनी तिकीटवाल्या एफुआला विचारलं.

"माझी. ज्या वारी जन्म, त्या वाराचं नाव तर प्रत्येकाला असतंच, मुलाचं वेगळं, मुलीचं वेगळं. वार आणि नाव जुळलं की एका तिकिटात दोघं. फाडून दिलेल्या अर्ध्या तिकिटावर मी नाव लिहिते."

"भिंग शेवटचं कधी पाहिलंस?"

"पावणेतीनला मीच पुसलं. कुलूप लावून किल्ली साहेबांना दिली. तीनला खेळ सुरू झाला. पाचला लोक यंत्र बघायला वर गेले, तर भोकच!"

"पपा कोफींना तिकीट दिलंस?"

एफुआ रडकुंडीला आली. "बाई, ही खिडकी बघा ना! मला नुसते हात दिसतात. शुक्रवारी अर्धं गाव कोफी असतं. आज तेवीस कोफी झाले."

एकुआबाई बाकापाशी परतल्या. "पपा, तीन ते पाच कुठे होता?"

"हॉलमध्ये. हिच्या शेजारी." म्हाताऱ्यानं अबाकडे पाहिलं. "बेचाळीस वर्षं मी वर आणि ही घरी. हिच्या शेजारी बसून एकही सिनेमा पाहिला नव्हता. आज माझा वार होता, म्हणून आलो."

"तिकीट दाखवा."

"आतल्या खिशात होतं. आता नाही."

"नव्हतंच!" अन्साह म्हणाला. "आणि बायको काय, नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार."

"तोंड सांभाळ!" अबा कडाडली. "चार माणसांसमोर ह्यांच्या खिशात हात घालताना लाज नाही वाटली? आता ह्या वयात चोर म्हणून मिरवू का आम्ही?"

तेवढ्यात गर्दी सारत डोक्यावर टोपली घेतलेली एक मासेवाली बाई आत घुसली. "एबो! अरे, दुपारीसुद्धा जेवायला आला नाहीस. हे घे, गरम मक्याचं केंके आणि तळलेला मासा."

अन्साहचा चेहरा पडला. "आई, इथं नको. किती वेळा सांगितलं, लोकांसमोर मिस्टर अन्साह म्हणायचं!"

लोक फिदीफिदी हसले. एकुआबाई मात्र हसल्या नाहीत. "मिस्टर अन्साह, तीन ते पाच तुम्ही कुठे होता?"

"हॉलमध्येच. पाहुण्याला घेऊन." त्यानं खिशातून अर्धं तिकीट काढलं. "एच ओळ, चौदा आणि पंधरा. शिक्का बघा, आजचाच आहे."

"वर कोफी लिहिलंय."

"मीच तो. बर्नार्ड कोफी अन्साह."

"पाहुणा कुठाय?"

"गेला राजधानीला, आक्राला."

"बरं. खुर्च्या कशा होत्या?"

"अगदी आरामशीर. का?"

"सगळे आत चला," एकुआबाई म्हणाल्या.

एच ओळीतल्या पंधरा नंबरच्या खुर्चीतून बोटभर खिळा वर आला होता. त्यावर निळ्या किनारीचा तुकडा अडकला होता. अबानं लुगड्याचा फाटका काठ त्याला लावला. तो बरोबर जुळला.

"आराम झाला म्हणालास ना?" एकुआबाईंचा आवाज आता चढला. "ह्या खिळ्यावर कोण बसलं होतं, ते लुगडंच सांगतंय. हे तिकीट पपा कोफींचं आहे. झडतीच्या नावाखाली तू ते त्यांच्या आतल्या खिशातून काढलंस. ते हॉलमध्ये होते, याचा तेवढाच पुरावा होता. फाडून टाकायला हवं होतंस. पण उरलेली किल्ली तुझ्याकडे! तुलाही कुठेतरी बसलेलं असायला हवं होतं. म्हणून म्हाताऱ्याची खुर्चीसुद्धा चोरलीस."

"खोटं आहे! मी कोफी—"

"मावशी," एकुआबाई मासेवालीकडे वळल्या, "तुमचा मुलगा कुठल्या वाराचा?"

"मंगळवारचा! एबो दुसऱ्या वारी जन्मतो का कधी?" ती भाबडेपणानं म्हणाली. मग तिनं मुलाकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"पाटी तुझ्याच थिएटरच्या दाराशी आहे, एबो," एकुआबाई म्हणाल्या. "साहेब व्हायच्या नादात स्वतःचं नाव गावापासून लपवलंस. लपवलेल्या नावाच्या जागी कुठलंही नाव चालेल, असं वाटलं तुला. दुपारी जेवायलाही घरी गेला नाहीस, म्हणजे भिंग अजून इथेच आहे. तुझ्या टेबलाच्या खणाची किल्ली दे."

खणात भिंग निघालं, रुमालात गुंडाळलेलं. सोबत एका परदेशी गिऱ्हाइकाची चिठ्ठी होती, उद्याच न्यायला येतो म्हणून. बाईंसोबत आलेल्या हवालदारानं बेड्या बाहेर काढल्या.

अन्साहच्या आईनं टोपली खाली ठेवली. "पपा कोफींनी तुला लहानपणी पडद्यापुढे फुकट बसवलं रे," ती म्हणाली. "त्यांच्यावर आळ घेतलास?"

"थांबा." पपा कोफी उठले. इतका वेळ ते खिसे त्यांनी आत घातले नव्हते. ते अन्साहच्या समोर जाऊन उभे राहिले. "बेड्या नंतर घाला. आधी ह्याला माझे खिसे नीट करू दे. ज्यानं उलटे केले त्यानंच. आणि ह्या सगळ्यांसमोर."

कुणी हसलं नाही. अन्साहनं एकेक खिसा आत ढकलला. शेवटच्या खिशाला तर बराच वेळ लागला. म्हाताऱ्यानं मान खाली घालून तो नीट बसलाय का ते पाहिलं, मग कोटाची बटणं लावली.

"पपा, उद्या या, दोघंही फुकट या," एफुआ डोळे पुसत म्हणाली.

"फुकट कशाला?" पपा कोफींनी अबाचा हात धरला. "गुरुवारी येऊ. तिचा वार आहे. तिच्या नावावर मी बसेन. तेवढा तो खिळा ठोकून घे."