वहिनींचा ‘येते’

ही हकिगत पदरचा एक शब्दही न घालता सांगतो. माझ्या थोरल्या भावाच्या घरी ती घडली. अजून घडते आहे.

दादा पुलांच्या बांधकामावरचे निवृत्त अभियंते. किनाऱ्यावरच्या खेड्यांतली जुनी चर्चे पाहत हिंडण्याचा त्यांना नाद. वहिनी सोबत असत. “मला पाहायला आले, तेव्हासुद्धा हे आमच्या भिंतीची भेगच पाहत होते,” असे त्या भेटेल त्याला सांगत.

गेल्या हिवाळ्यातली ढळती दुपार. कड्यावरचे एक ओस चर्च. समुद्र अगदी पायथ्याशी.

दोघे आत गेले...

आणि लाटांचा आवाज थांबला.

भिंती जाड आहेत, दादांनी स्वतःची समजूत घातली. दार मात्र उघडेच होते.

दादांनी ओळंबा सोडून मनोऱ्याचा कल पाहिला. तोवर वहिनी बाकावर बसून होत्या. निघताना मागे वळून त्या सवयीने म्हणाल्या, “येते हं.”

“कुणाला सांगतेस? खांबांना?” दादा हसले.

तोच वेदीच्या बाजूने आले...

“ये.”

प्रतिध्वनी असावा. पण प्रतिध्वनी शब्द परत करतो, उत्तर देत नाही. दादांनी जोरात टाळी वाजवली.

काहीच परतले नाही.

घरी आल्यावर काही दिवस सुरळीत गेले. मग एका सकाळी वहिनी भाजीची पिशवी घेऊन उंबऱ्यात थांबल्या.

“जाते.”

दादांनी पिशवी धरली. “अगं, असं म्हणू नये. येते म्हण.”

वहिनी हरवलेली वस्तू आठवावी तशा थबकल्या...

“तो शब्द तिथं देऊन आले.”

तेव्हापासून दादा दाराला कुलूप लावतात. वहिनी भांडत नाहीत. थट्टाही करत नाहीत. चपला घालून दाराशी बसून राहतात. त्यांचा पदर ओला असतो... वाळला की त्यावर मीठ उरते.

आयुष्यभर पुलांचे भार तोलणारा माणूस. काल माझा हात धरून म्हणाला, “तिथं परत नेलं नाही तर अशी झिजतेय. नेलं तर शब्द पुरा होईल. पण तिथून निघताना ही काय म्हणेल रे?”



निघताना ‘येतो’ अगदी ओठांवर आला. मी तो गिळला आणि मुकाट्याने पायऱ्या उतरलो.

तरी मागून, वहिनींच्या तोंडून आले...

“ये.”

वहिनी मला ‘या भावजी’ म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला कधी अरे-तुरे केलेले नाही.