उसनं मीडियम

लॅबमधल्या, पेशी वाढवायच्या इनक्युबेटरच्या दाराशी दोघांचे हात एकदमच पोचले, आणि चटका बसल्यासारखा तिने आपला मागे घेतला.

“आधी तू बघ, भागूबाई,” तो हसून म्हणाला.

बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या तिला सगळ्याचीच धास्ती, म्हणून हे नाव त्यानेच ठेवलेलं. त्याला मात्र सगळी लॅब आजोबा म्हणायची, कारण पीएचडीसाठी वाढवलेल्या पेशी तो नातवंडांसारख्या जपायचा. भागूबाई म्हटल्यावर खरं तर तिला राग यायला हवा होता. यायचा नाही, हीच पंचाईत.

तिने आपल्या पेशींचा फ्लास्क काढला. आतलं सगळं गढूळ झालं होतं. जंतू शिरले होते.

काल तिचं मीडियम, म्हणजे पेशींचं खाद्य, संपलं होतं. दुसऱ्याच्या बाटलीला हात लावायचा नाही, हा लॅबचा पहिला नियम. तरी तिने त्याच्या बाटलीतून गुपचूप घेतलं, आणि घाईत वापरलेलीच पिपेट, म्हणजे द्रव ओढायची नळी, पुन्हा आत बुडवली. आता तीच बाटली घेऊन तो झाकण फिरवत होता.

बोललं तर लॅबच्या प्रमुख मॅडम प्रोजेक्टवरून काढणार. प्रोजेक्ट गेला की पुढच्या नोकरीवरही पाणी सोडायचं. नाही बोललं तर त्याच्या पेशी मरणार.

“थांबा... ती बाटली नको. मी काल त्यातून घेतलं – वापरलेल्या पिपेटनं.”

त्याचं हसू मावळलं. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तो बराच वेळ बघत राहिला. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

“जंतू वळवळतायत,” तो म्हणाला. “मागितलं असतंस तर दिलं नसतं का?”

“भीती वाटली.”

“माझी?”

“तुम्ही नाही म्हणाल याची... दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चाललं असतं.”

त्याचे कान लाल झाले. “मॅडमना मी सांगतो, माझ्याच हातून झालं म्हणून.”

“नको. चूक माझी, मीच निस्तरते. फक्त दारापर्यंत चला.”

मॅडमच्या केबिनपाशी तिने दार वाजवायला हात उचलला. त्याने हळूच तिची बाही धरली.

“त्यांनी काढलं, तर उद्यापासून तू इथे नसणार... मला त्याचीच भीती वाटतेय. बाहेर भेटशील?”

“भेटेन,” ती म्हणाली. “आता सोड, मला दार वाजवू दे.”

आणि त्याने सोडायच्या आतच तिने दार वाजवलं.