परिशिष्ट चार

दुसऱ्यांची बिघडलेली टेबलं सरळ करून देणं हे सुनेत्राचं काम होतं. अठरा वर्षं ती हेच करत होती. पहिली अकरा मुंबईच्या एका कंपनीत आणि पुढची सात बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, खिडकीपाशी बसून. प्राध्यापकांचे प्रबंध, डॉक्टरांचे लेख, कुठकुठले अहवाल तिच्याकडे यायचे, आणि ते बहुतेक लाटेकमध्ये लिहिलेले असायचे. लाटेकमध्ये मजकुराबरोबर आज्ञा लिहायच्या आणि पानं जुळवायचं काम यंत्रावर सोडायचं. मजकूर सहसा धड असायचा, टेबलं मात्र कुणाचीच धड नसायची. रकाने समासाबाहेर पळायचे, रेघा मधेच तुटायच्या, आकडे एकमेकांच्या अंगावर चढायचे. सुनेत्रा ते निस्तरून द्यायची. आताशा तिला त्याचा कंटाळाही येत नसे आणि समाधानही वाटत नसे. उजवा खांदा धरायचा आणि दुपारी डोळ्यांत थेंब घालावे लागायचे, एवढंच.

ऑक्टोबरमध्ये श्रीपाद खांबेट्यांचं काम आलं. खांबेटे अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंग बनवणाऱ्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. कंपनी बंद पडून बारा वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर त्यांनी तिचा इतिहास लिहायला घेतला आणि त्यासाठी सत्तराव्या वर्षी लाटेक शिकले. तीनशे पानं हातावेगळी झाली आणि मग डोळ्यांनी दगा दिला.

"बाकी सगळं ठीक आहे मॅडम," ते फोनवर म्हणाले. "शेवटचं परिशिष्ट चार तेवढं उजवीकडे पानाबाहेर जातंय. महिनाभर झटलो, मला काही सापडलं नाही."

सुनेत्राला वाटलं, तासाभराचं काम आहे.

परिशिष्टाचं शीर्षक होतं 'कंपनीत काम केलेल्या सर्वांची नावे'. खाली एकशे त्रेचाळीस नावं, अकारविल्हे. रकाने चार : नाव, विभाग, रुजू झाल्याची तारीख, काम सोडल्याची तारीख. दोष पहिल्या रकान्यात होता, हे तिला लगेच दिसलं. असा रकाना आपल्यातल्या सगळ्यांत लांब नावाएवढा रुंद होतो, त्याहून केसभरही जास्त नाही. इथं सगळ्यांत लांब नाव चंद्रकांत विठोबा म्हसकर. ते संपल्यावरही उजवीकडे बोटभर जागा रिकामी राहत होती.

कुठल्या तरी ओळीत न दिसणारं अक्षर शिरलं असेल म्हणून तिनं सगळी नावं नव्यानं टाईप केली. यंत्र मागच्या खेपेची मापं लक्षात ठेवतं, म्हणून मधल्या फायली पुसल्या. रकाना तेवढाच राहिला. मग तिनं नेहमीची युक्ती केली. टेबल अर्धं कापायचं, ज्या अर्ध्यात दोष असेल ते पुन्हा अर्धं करायचं, असं करत चुकीच्या ओळीपर्यंत पोचायचं. वरचं अर्धं ठेवलं, रकाना रुंद. खालचं ठेवलं, तरी रुंद. दहा ओळी ठेवल्या, तरी तसाच. शेवटी एकच नाव उरलं, अनंत गोरे. त्या एवढ्याशा नावापुढं पांढरी जागा लांबवर पसरली होती.

तिनं तेही पुसलं. रिकाम्या टेबलाच्या पहिल्या रकान्याचं माप आलं एकशे अठ्ठावीस पॉइंट. आधीही तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नवी फाईल उघडून टेबल मुळापासून बांधलं. नावं बसली, रकाना म्हसकरांपाशी थांबला. सुटले, असं ती स्वतःशी म्हणाली. मग तिनं वर शीर्षक टाकलं आणि रकाना पुन्हा रुंद झाला.

शीर्षकाचा आणि रकान्याच्या रुंदीचा काही संबंध नसतो. तरी शीर्षकातला एकेक शब्द काढून पाहण्यात तिची दुपार गेली. 'कंपनीत' काढलं, फरक नाही. 'काम केलेल्या' काढलं, फरक नाही. 'सर्वांची' काढून 'काहींची' लिहिलं, तर टेबल गुमान समासात बसलं. 'सर्वांची' परत लिहिलं, की बाहेर. तिनं हे सात वेळा केलं. सातव्या वेळी तिला उगाच वाटलं, आपण कुणाला तरी तेच ते विचारतोय आणि तो न कंटाळता तेच उत्तर देतोय.

तिनं खांबेट्यांना फोन लावला. सगळं सांगितलं नाही. "शीर्षकातला 'सर्वांची' शब्द काढला तर चालेल का?" एवढंच विचारलं.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"नाही," ते म्हणाले. "पुस्तक सर्वांचंच आहे. तुम्ही रकान्याला ठरावीक रुंदी द्या ना."

तो उपाय तिलाही ठाऊक होता. चार वेळा सुचूनही तिनं तो का केला नाही, ते मात्र तिला सांगता आलं नसतं. ठरावीक रुंदी दिली, की ज्या नावाला जागा पुरत नाही ते मोडून खालच्या ओळीत उतरतं. म्हसकरांपुरती रुंदी तिनं दिली. टेबल समासात बसलं. एकही नाव मोडलं नाही. फक्त तिसऱ्या पानावर, एक्क्याऐंशी नंबरचे भास्कर कोळी आणि ब्याऐंशी नंबरचे मधुकर साने यांच्या मध्ये दोन ओळींची मोकळी जागा पडली. एका ओळीत न मावलेलं नाव दोन ओळींत उतरतं, तेवढीच.

तिच्या सासूबाई, माई, चहाचा कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना यातलं काही कळत नसे.

"मधली जागा कुणाची गं?" माईंनी विचारलं.

"कुणाची नाही. बिघाड आहे."

"असं होय," माई म्हणाल्या. "मला वाटलं, कुणी यायचं आहे."

पुढच्या दिवशी सकाळी सुनेत्रा छापील पानं घेऊन स्कूटरवरून अंबरनाथ पूर्वेला गेली. हवेत एमआयडीसीचा तो ओळखीचा आंबूस वास होता. खांबेटे एकटेच राहत होते. टापटीप घर, भिंतीवर कंपनीची ढाल : सलग दहा वर्षं विनाअपघात. त्यांनी पान हातात घेतलं आणि डोळ्यांशी नेण्याऐवजी टेबलावर पसरून ओळींवरून तर्जनी फिरवत गेले, ओठांत नावं पुटपुटत. यादी त्यांना पाठच होती. भास्कर कोळींपुढं बोट थांबलं. दिसायला तर त्यांना धड काहीच दिसत नव्हतं.

"इथे जागा आहे," ते म्हणाले.

"हो. ती जात नाही."

त्यांनी बोट उचललं नाही. "मॅडम, तो कंत्राटदाराचा माणूस होता. आमच्या मस्टरवर नव्हता."

सुनेत्रानं कुणाचं नाव विचारलंच नव्हतं.

"भीमराव. जमिनीखालची टाकी साफ करायला उतरला होता, अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये. अकरा तारखेला, संध्याकाळी. पुढचे दोन दिवस होळी आणि धुळवडीची सुट्टी. शिफ्ट सुटली, मस्टरवरची माणसं मोजली, पुरी भरली. टाकीचं झाकण लावून सगळे घरी गेले. चौदाला सकाळी उघडलं. वायूनं गेला. डॉक्टर म्हणाले, उतरल्या उतरल्याच गेला असेल. अहवाल मी लिहिला. मृत्यूची तारीख अकरा लिहिली. आणि खाली लिहिलं, कंपनीच्या एकाही माणसाला इजा नाही. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं."

"पूर्ण नाव काय त्यांचं?"

"ते मी कधी विचारलं नाही. उल्हासनगरला सुभाष टेकडीवर राहायचा." मग ते म्हणाले, "टाका नाव. माझी हरकत नाही."

खरं तर इथंच तिनं काम परत करायला हवं होतं. ती दमली होती. हे तिचं माणूस नव्हतं, तिची कंपनी नव्हती. पण टेबल अर्धवट टाकून तिला दुसरं काम हातात घेता येईना. शुक्रवारी ती सुभाष टेकडीला गेली. विहारात टाकीत गेलेल्या भीमरावांची चौकशी केली, तिथल्या एका बाईंनी वरच्या गल्लीतलं घर दाखवलं.

भीमरावांची बायको, चांगुणाबाई, साठीच्या आसपासच्या. दारातच शिवलेल्या जीन्सचा ढीग घेऊन बसल्या होत्या आणि छोट्या कात्रीनं लोंबणारे धागे कापत होत्या. सुनेत्रानं जय भीम केला, येण्याचं कारण सांगितलं. रकान्याचं मात्र सांगितलं नाही. कंपनीचं पुस्तक निघतंय, त्यात नाव टाकायचंय, म्हणाली.

"आता?" चांगुणाबाईंनी विचारलं. "सत्तावीस वर्षांनी?"

"हो."

"कोण म्हणालं टाकायला?"

सुनेत्राला खरं सांगता येईना आणि खोटंही सुचेना. "राहिलं होतं," ती म्हणाली.

चांगुणाबाईंनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "भीमराव तुळशीराम हिवराळे. टाकी साफ करायचे. लागले पंच्याण्णवच्या जूनमध्ये. गेले ती तारीख कागदावर अकरा मार्च आहे."

घरी येऊन तिनं ठरावीक रुंदी काढून टाकली, शीर्षक होतं तसंच ठेवलं आणि एक्क्याऐंशीच्या खाली ती ओळ भरली. माप आलं एकशे अठ्ठावीस पॉइंट. नाव रकान्यात काठोकाठ बसलं, ना कमी ना जास्त. उजवीकडचे रकाने तिनं जरा आवळून घेतले आणि एकशे चव्वेचाळीस नावांचं टेबल समासात आलं. यंत्रानं एकही तक्रार केली नाही. तिनं ती ओळ तीनदा वाचून पाहिली, खांबेट्यांना फोनवर वाचून दाखवली. तारीख अकराच होती. मग फाईल छापखान्यात पाठवली आणि त्या दुपारी कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

पुस्तकं डिसेंबरात आली. खांबेट्यांनी एक प्रत चांगुणाबाईंसाठी वेगळी दिली. स्वतः जायचं धैर्य त्यांना झालं नाही, म्हणून सुनेत्राच गेली. तिनं खुणेची पट्टी काढून पान उघडून दिलं.

चांगुणाबाईंनी चष्मा लावला. ओळ शोधायला त्यांना वेळ लागला नाही.

"हे लिहिलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"मीच टाईप केलं."

"टाईप नाही केलेलं हे." त्या उठल्या, आतून एक पत्र्याचा डबा आणला आणि घडी पडलेला एक कागद काढला. "आमच्या मुलीच्या, पायलच्या शाळेचा अर्ज. त्यांनी लिहिलेला एवढाच कागद राहिलाय. बघा."

सुनेत्रानं पुस्तक उजेडात धरलं. भास्कर कोळी छापील होते. मधुकर साने छापील होते. त्यांच्या मधल्या ओळीतला भ जरा डावीकडे कललेला होता, र ची शेपटी लांब होती, हिवराळेंचा ळ गाठ मारल्यासारखा होता. हा फॉन्ट ती सात वर्षं रोज बघत होती. त्यात असा ळ नव्हता. अर्जावरचा ळ मात्र अगदी तसाच होता.

"मशीनमध्ये कधी कधी..." ती म्हणाली.

चांगुणाबाईंचं बोट ओळीवरून उजवीकडे सरकत होतं. टाकी सफाई. जून पंच्याण्णव. शेवटच्या रकान्यात ते थांबलं.

"तेरा मार्च," त्यांनी वाचलं.

सुनेत्रानं वाकून पाहिलं. त्याच हातानं, त्याच कललेल्या वळणानं लिहिलेलं होतं : १३.

"मी अकरा लिहिली होती," ती म्हणाली. "कागदावरची."

चांगुणाबाईंनी अर्जाची घडी जुन्याच रेषांवर घातली. डब्याचं झाकण लावलं. बाहेर गल्लीत कुणाच्या तरी शिलाई मशीनचा आवाज चालू होता.

"तेरालाच धुळवड होती," त्या म्हणाल्या. "मी दुपारी गेले होते गेटवर. वॉचमन म्हणाला, आत कोणी नाही."