जांभळ्या डागाची साक्ष

मध्यवर्ती बँकेच्या प्रयोगशाळेत उपगव्हर्नर खरवंडीकरांनी पाचशेची नवी नोट उजेडात धरली, उलटसुलट केली. "बाई, ही तर नेहमीसारखीच दिसतेय. लाच पकडणार कशी?"

"माणूस नाखुशीनं पैसे देतो तेव्हा तळहाताच्या घामात एक वेगळं द्रव्य उतरतं," डॉ. मृणालिनी टिपणीस म्हणाल्या. "ही स्वेदबोधी शाई ते ओळखते. नोटेवर जांभळा डाग उमटतो, आठ दिवस टिकतो. लाच देणारा मनातून चरफडतच असतो ना!"

"अर्थात!"

दोघंही आयुष्यभर सरळ पगारावर जगलेली माणसं. लाच कधी घेतली नव्हती की दिली नव्हती. त्यामुळे त्या 'अर्थात'वर कुणी दुसऱ्यांदा विचार केला नाही. कायदा झाला: ज्याच्या खणात निम्म्याहून जास्त नोटा डागाळलेल्या, त्याला अटक.

पहिल्याच धाडीत वरखेडच्या जमीन नोंदणी कचेरीतले अधिकारी निशिकांत टिपणीस सापडले. बाईंचा सख्खा धाकटा भाऊ! बाई तडक वरखेडला धावल्या. अहो, जो कचेरीत फुकटचा चहासुद्धा घेत नाही, तो?

कोठडीत निशिकांत दम्यानं धापा टाकत होता. "ताई, त्या सरकारी फीच्या नोटा आहेत गं. पावत्या फाडल्यात मी. पण हे पोलीस म्हणतात, पावती काय, मागाहूनही फाडता येते."

"मग डाग कसे पडले?"

"फी लोक दातओठ खाऊनच देतात. त्यात मी रांग मोडू देत नाही, म्हणून जास्तच चिडतात. शेजारचे गुंजकर वरकमाई घेतात, त्यांच्या नोटा मात्र कोऱ्या निघाल्या. काम झटपट होतं ना! लोक त्यांना हसतहसत देतात, वर पेढेही."

अरे देवा! बाईंनी बाहेरच्या टेबलाशी येऊन खरवंडीकरांना फोन लावला. "सर, शाई बरोबर आहे, आपण चुकलो. लाच देताना माणसाला त्रास होतो, हे आपण नुसतं धरून चाललो!"

"बाई, आता कायदा आहे तो. समिती नेमतो. सहा महिने तरी लागतील."

"सहा महिने? इथं त्याला धड श्वास घेता येत नाहीये!"

फोन ठेवताच तपास अधिकारी घोरबांड खुर्ची ओढून जवळ आले. "मॅडम, नोटा फीच्याच होत्या, असं मी लिहू शकतो. साहेब संध्याकाळपर्यंत घरी. पण आम्हालाही पोरंबाळं आहेत."

बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. पर्समधल्या होत्या नव्हत्या तेवढ्या पाचशेच्या नव्या वीस नोटा त्यांनी टेबलावर ठेवल्या. घोरबांडांनी लगेच कागद पुढे ओढला, लिहायला घेतलं. सुटला एकदाचा माझा भाऊ! बाईंचा जीव भांड्यात पडला.

मग सवयीनं त्यांची नजर नोटांकडे गेली. त्यांनी एकेक नोट उलटून पाहिली, पुन्हा पाहिली. वीसच्या वीस कोऱ्या होत्या.