कोपऱ्यातला अंगठा

जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवून द्यायचं माझं दुकान आहे, आणि माझ्या कामाला नावं ठेवणारा अजून जन्मायचाय. बुरशी लागलेली टेप मी हाताने पुसते, तुटलेली जोडते आणि ती चालू असताना समोरून उठत नाही. लोकांची लग्नं, रांगणारी पोरं, सुट्टीतली भांडणं सगळं बघून झालंय. पण त्यात माझं काही मिसळत नाही. टेपवर जे आहे तेच गिऱ्हाइकाला मिळतं. ताठा म्हणा हवं तर.

परवा एक कॅसेट घेऊन आलेल्या बाई शाळेत शिकवतात. घरात कॅमेरा कायम त्यांच्या आईच्या हातात असायचा, त्यामुळे आई कुठल्याच कॅसेटमध्ये नाही. आई गेल्यावर बाकीच्या सगळ्या बघून झाल्या होत्या, ही शेवटची. फोटो आहेत, पण आई चालायची कशी तेच आठवेनासं झालंय, असं म्हणताना त्यांनी पर्सचा बंद घट्ट धरला होता. मी म्हटलं, काळजी करू नका, मी आहे.

कॅसेटचे स्क्रू काढून टेप पुसली, परत बसवली आणि सकाळभर बघितली. उन्हातली एक गल्ली, सायकल शिकणारी मुलगी आणि कॅमेऱ्यामागून आईचा आवाज, "पुढे बघ, माझ्याकडे काय बघतेस?" मुलगी कोपऱ्यावर वळते आणि पुढे टेप कोरी.

दुपारी शिक्षिका आल्या तेव्हा मी सांगून टाकलं, आई यातही नाही.

"ताई, नीट बघितलंत ना?"

मला मिरची झोंबली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी मूळ कॅसेटच पुन्हा लावली.

मुलगी कोपऱ्यावर वळली. चित्र मात्र संपलं नाही. ते जमिनीकडे झुकलं, कॅमेरा एका हातातून दुसऱ्या हातात देताना झुकतं तसं. मग वर आलं, स्थिर झालं, आणि भिंगाच्या कडेने एक बाई पुढे आल्या. सायकलवरच्या मुलीसारखंच कपाळ. त्यांनी अवघडून मागे पाहिलं.

"हात दुखेल हो तुमचा."

"असू द्या," कॅमेऱ्यामागून उत्तर आलं. "तुम्ही जा तिच्याजवळ. फ्रेम मी सांभाळते."

दुकान बंद असलं की फोनवर माझाच रेकॉर्ड केलेला आवाज वाजतो. कॅमेऱ्यामागचा तो आवाज ओळखण्यात माझी चूक होणं शक्य नव्हतं. कॅसेटवर जे साल लिहिलं होतं, त्या साली मी दप्तर घेऊन शाळेत जात होते. ती गल्ली मी कधी पाहिलेली नाही.

आई सायकलची सीट धरून धावत होती. शिक्षिका हुंदका आवरत हसत होत्या. "अशीच चालायची ती. एक खांदा जरा खाली." मग हळूच म्हणाल्या, "शूटिंग करणाऱ्या बाई कोण होत्या, आठवतच नाही."

मला भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त अभिमान वाटत होता. मागे धावत घेतलेलं ते चित्र तसूभरही हललं नव्हतं.

एकच खोट होती. कोपऱ्यात अंगठा आला होता. त्यावर निळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

मी टेबलाखाली माझे अंगठे चाचपले. दोन्ही धड होते. जीव भांड्यात पडला.

शिक्षिकांना सगळं उतरवून दिलं. माझे हात हातात घेऊन त्या गेल्या.

मी दुसऱ्या एका कॅसेटचे स्क्रू आवळायला घेतले. स्क्रूड्रायव्हरची पाती सटकली आणि अंगठ्यात घुसली.

ड्रॉवरमध्ये औषधाची पट्टी नव्हती. फडकं बांधून वर वायरची चिकटपट्टी गुंडाळली. निळीच होती.

त्या गल्लीत कॅमेरा धरताना अंगठा तेवढा मागे घ्यायचा, एवढं मी स्वतःला बजावून ठेवलं.